बेडशाला, आईचा फोटो काढायला

माझ्या आईचा एकही फोटो नाही. मी दोन वर्षांची असताना ती तापाने गेली आणि मला पुण्यात आत्याने वाढवलं. ‘तू अगदी आईवर, शेवंतावर गेलीस’ हे ऐकत साठीला आले. म्हटलं, आता बघूनच टाकू!

मैत्रिणीची मुलगी वैदेही फोटोग्राफर आहे. ज्यांच्या गेलेल्या माणसाचा फोटोच नाही, त्यांना ती त्या माणसाचे कपडे घालून बसवते. आधी दिवा लावायचा, घरातल्या जाणत्याने गेलेल्याला नावाने हाक मारायची, मगच कॅमेरा. थोतांड वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण आईचं लुगडं आजोळी, बेडशाला, मावशीने जपून ठेवलेलं. मग काय, निघालो दोघी!

सकाळची लोणावळा लोकल पकडा, कामशेतला उतरा. पुढे पवनानगर रस्त्याने रिक्षा. भाडं आधी ठरवा. बेडशाची डोंगरावरची लेणी ऊन चढायच्या आत बघा. आम्ही भर उन्हात चढलो आणि पार घामाघूम झालो. खाली आल्यावर मावशीकडे इंद्रायणीचा गरम भात आणि झणझणीत आमटी. दोनदा मागून घेतलं, लाज कसली!

जेवणानंतर मावशीने मला लुगडं नेसवलं. “प्वाट आत घे की गं! ती लय बारीक हुती.” वैदेहीने ओसरीवर दिवा लावला. “आजी, मारा हाक.”

“शेवंते,” म्हणून मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग खांदे धरून मला गदागदा हलवलं. “कुटं गेलतीस? आंगात ताप, आन बोलली न्हाईस! तुजं लेकरू मी मागितलं हुतं. पाया पडले तुज्या सासरच्यांच्या. न्हाई दिलं मला.”

हे मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आजोळच्यांनी अंग काढून घेतलं. तो राग मी जन्मभर पोसला. मी मावशीच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

“थांबू का?” वैदेहीने हळूच विचारलं.

“काढ की, थांबतीस कशाला!” मावशी नाक पुसत म्हणाली.

फोटो आता माझ्या बैठकीत लावलाय. त्यात आई दिसत नाही. दोन रडवेल्या म्हाताऱ्या दिसतात. तुमचंही असं काही राहिलं असेल, तर ते माणूस ओळखणारं कुणी हयात आहे तोवर जाऊन या. आईचा चेहरा मला अजूनही माहीत नाही. पण बेडशात मला कुणीतरी मागितलं होतं.