सोळा किलोपास्कल

माझा नवरा आनेकलच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासतो. काटा बरोबर आकड्यावर येतो की नाही, हे बघणं त्याचं काम. बार, पीएसआय, पास्कल त्याला तोंडपाठ, आणि घरी त्यांचा उपयोग एकच होता, माझी फजिती करणं. मी बी.कॉम., चिकपेटातल्या साड्यांच्या होलसेल दुकानात बिलं करते. पाहुणे जमले की हा विचारायचा, "एक बार म्हणजे किती पीएसआय, सांग बघू." मी अंदाजाने काहीतरी आकडा ठोकायचे. मग सगळे हसायचे, सासूबाई सगळ्यांत जास्त. शेवटी मला असा संताप आला की मी सगळी कोष्टकं घोकून काढली. एका दाबाला माणसांनी इतकी एककं कशाला काढली, देव जाणे. हवेला बार, टायरला पीएसआय, रक्ताला पाऱ्याचे मिलिमीटर. पुढच्या वेळी मी पटापट उत्तरं दिली, तेव्हापासून त्याने विचारणंच सोडलं.

सासूबाईंना एककांचं कोष्टक लागत नव्हतं. बीपीचं मशीन त्यांच्या उशाशी असे आणि त्याच्या आकड्यावर आमचं घर चाले. मी माहेरी हुबळीला जाते म्हटलं की दंडाला पट्टा बांधायच्या. "दीडशे. बघ, तुझ्यामुळं." माझी पिशवी परत कपाटात जायची.

गेल्या वर्षी एका सकाळी भावाचा फोन आला. आईला आयसीयूत हलवलं होतं. शुद्धीवर होती, मला विचारत होती. मी दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि बाहेर आले, तर सासूबाई पट्टा बांधून बसलेल्या. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने मशीनचे सेल बदलले होते. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असणार, कारण पडद्यावर आकडा होता सोळा.

"सोळा! दीडशेचं सोळा झालं रे," त्या माझ्या नवऱ्याकडे बघून किंचाळल्या. "मी चालले. तिला स्वल्प, थोडं थांबव."

मी वाकून बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत केपीए लिहिलं होतं. "आत्याबाई, हे किलोपास्कल आहेत," मी म्हटलं. "सोळाला साडेसातने गुणा. एकशेवीस होतात. तुमचं बीपी इतकं चांगलं कधी नव्हतं."

नवऱ्याने पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. दिवसभर हेच गुणाकार करणारा माणूस तो. मला वाटलं, आता निदान हसेल तरी.

"बिलं करणाऱ्यांनी डॉक्टरकी करू नये," तो म्हणाला. "अम्माला असं सोडून जाशील? डॉक्टर येऊ दे, मग बघू."

डॉक्टर दुपार उलटल्यावर आले. त्यांच्या पाऱ्याच्या यंत्रावर एकशेवीस भरलं. "सरी, बरं झालं, देव पावला," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना लगेच भूक लागली. मी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं ना?" तो म्हणाला, "किलोपास्कल मला तू शिकवणार? अम्मा घाबरली होती, विषय संपला. आता कुठे निघतेस, उद्या जा." त्या क्षणी मला त्याचा जो तिरस्कार वाटला, तो आजही तेवढाच ताजा आहे. तरी मी थांबले. चपात्याही लाटल्या.

आमच्याकडे मुलीच्या माहेरची वाईट बातमी आधी जावयाला सांगतात, म्हणजे तो तिला सांभाळून सांगेल. त्या दिवशीही तसंच झालं. आई चारच्या सुमारास गेली, भावाने लगेच याला फोन केला. सकाळच्या बसने निघाले असते तर तोवर मी तिच्याजवळ पोचले असते. याने मात्र फोन खिशात ठेवला, सासूबाईंचं रात्रीचं जेवण होऊ दिलं, गोळी होऊ दिली, आणि मी ताटं उचलत असताना सांगितलं. अम्माचं बीपी वाढू नये म्हणून थांबलो, म्हणाला.

"मग आता घाई कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी जा."

मी गच्चीत जाऊन भावाला फोन लावला. म्हटलं, "आत्ता निघते, मी येईपर्यंत आईला ठेवा."

तो म्हणाला, "दाजी म्हणाले, थांबू नका, तीच येत नाही म्हणतेय. अंधार पडायच्या आत उरकलं आम्ही. अक्का, तू असं का म्हणालीस गं?"