आधी घरं, मग चर्च

साबिना गॉन ग्लॅशमोरच्या शाळेची बस चालवते. चिखलाचे बूट घालून पोरं बसमध्ये चढलेली तिला खपत नाहीत, आणि स्वतः मात्र बारा महिने रबरी बुटांत. अंगानं आडवी, आवाज असा की डोंगरापलीकडची मेंढरं मान वर करून बघतील. लग्न केलं नाही. विचारणारे होते, दोघं तरी आम्हाला माहीत आहेत. पण तेव्हा घरात म्हातारी आई हॅनोरा, बाप दर्यावरच्या वाऱ्यानं खोकून खोकून अर्धा झालेला, आणि धाकटा भाऊ ऑस्टिन बोस्टनला. ती उठून जाणार कुठं?

मेयो परगण्याच्या या समुद्रकाठच्या टोकाला इंटरनेट आणलं ते तिनं. पेपरात आलं तेव्हा फोटोत आमदार मधोमध हसत होता आणि ही कडेला, अर्धी कापलेली. कुणी तरी तिला तो दाखवला तर म्हणाली, "बरं झालं. केस विंचरलेले नव्हते."

सुरुवात झाली ती कंपनीच्या माणसामुळं. सुटाबुटात आला, साबिनाच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्याला, लोणी लावून सोडा ब्रेड खाल्ला, आणि म्हणाला, "बाई, तुमची घरं एकमेकांपासून फारच लांब आहेत. केबल टाकणं आम्हाला परवडत नाही."

साबिनानं त्याच्यापुढची ब्रेडची ताटली उचलून फडताळात ठेवली. "लांब आहेत म्हणूनच हवीय ना केबल? जवळ असतो तर खिडकीतून हाक मारली असती. जाऊ दे. आम्ही खणू."

खणायचं आम्हाला नवीन नाही. पीटचं, म्हणजे दलदलीतल्या मातीचं, जळण काढायचं असो, गवत आत घ्यायचं असो, एकाच्या रानात सगळे उतरतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. तसंच हे. ज्याच्या शेतातून चर जाईल त्यानं बांध खुला करायचा, बाकीच्यांनी फावडी घेऊन यायचं. मोठ्या गावाकडून शाळेपर्यंत केबल आणायची व्यवस्था झाली होती. शाळेपासून पुढचं सगळं आमच्या पाठीवर.

हॉलमध्ये सभा भरली. साबिना उभी राहून सांगत होती: पोरांचा अभ्यास होईल, दाखले घरबसल्या मिळतील, उन्हाळ्यात खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना गिऱ्हाईक येईल, चर्चमध्ये कॅमेरा बसला की परदेशी गेलेल्यांना मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, बघता येईल. मागच्या बाकावर फेस्टी रड्डी बसला होता. बायको वारल्यापासून एकटा राहतो, वरच्या रस्त्याला, आणि जिभेला हाड नाही. तिथूनच ओरडला, "अगं, सरळ सांग की! भावाशी गप्पा मारायला तुला तार पायजे, अन् खणायला आमी पायजेत!"

हॉल हसला. साबिनाही हसली. पण मान लाल झालेली आम्ही पाहिली. खाली बसताना ती म्हणाली, "आधी सगळ्यांची घरं. मग चर्च. माझं घर त्याच्याही नंतर." एनराइट मास्तर म्हणाले, "चर्च तर शाळेच्या जवळ आहे साबिना, आधी तेच सोपं पडेल." तिनं ऐकलं नाही. ठरलं ते ठरलं.

फेस्टी बोलला ते खोटं होतं असं नाही. ऑस्टिन गेला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. सुट्टीपुरता व्हिसा घेऊन गेला आणि तिथंच राहिला. घरांवर छपरं घालतो. बायको तिकडची, दोन मुली. कागद नाहीत. एकदा तिथून निघाला की परत आत घेणार नाहीत, मग बायकामुलांचं काय? असा एक तरी माणूस आमच्या दर दोन घरांआड आहे. कुणी विचारलं तर आम्ही "त्याचं यायचं जमत नाही" एवढंच म्हणतो आणि चहा ओततो. बाप गेला तेव्हाही त्याचं जमलं नव्हतं. साबिनानं चर्चमध्ये मोबाईल हातात धरून त्याला मयताची मिस्सा ऐकवायचा प्रयत्न केला. फोन दर घडीला तुटत होता. शेवटी ऑस्टिन म्हणाला, "राहू दे गं, तुझा हात दुखेल."

तर शाळेपासून खणायला लागलो. मध्येच एनराइट मास्तरांनी गावाची वेबसाईट केली आणि एका रविवारी मिस्सा सुटल्यावर तिचं उद्घाटन झालं. शाळेच्या भिंतीवर पडदा, हॅमची सँडविचेस, आमदाराचं भाषण. पडद्यावर पहिलंच पान उघडलं ते हरवलेल्या जनावरांचं. कुणाला तरी सापडलेल्या मेंढ्याचा फोटो होता. मास्तरांनी विचारलं, "ओळखता का कुणी?" फेस्टी चष्मा लावून जवळ गेला. "मेंढा माझा न्हाई. पर त्यो खातोय ते गवत माझं हाय."

लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते मयताचं पान. आमच्याकडे सकाळी रेडिओवर कोण गेलं ते ऐकल्याशिवाय दुसरा कप कुणी ओतत नाही. आता रेडिओची वाट बघायला नको. कोण गेलं, शवपेटी घरी कधी, मिस्सा किती वाजता, सगळं त्या पानावर. ज्या म्हाताऱ्यांनी इंटरनेट म्हणजे पोरांचं खूळ म्हटलं होतं, तेच शेजाऱ्याच्या दारात उभे: "जरा बघ रे, कोण गेलंय का?"

आणि वसंत लागता लागता त्या पानावर साबिनाच्या आईचं नाव आलं.

हॅनोरा शनिवारी सकाळी गेली, चहा मागून. चहा करून आणेपर्यंत गेलेली. मंगळवारी मिस्सा ठरली. चर तेव्हा वरच्या रस्त्याला लागला होता, फेस्टीच्या घराच्या अलीकडं. चर्चकडं अजून एक फावडंही पडलं नव्हतं. मिस्सा दाखवायचा कॅमेरा तेवढा येऊन पडला होता, खोक्यातच, वेदीमागच्या खोलीत, धूळ खात.

रविवारी सगळा गाव गॉनांच्या घरी. पुढच्या खोलीत हॅनोरा, हातात जपमाळ गुंडाळलेली, निळ्या कार्डिगनमध्ये. लोक आत जायचे, तिच्या हाताला हात लावायचे, साबिनाचा हात धरून "वाईट झालं गं" म्हणायचे आणि स्वयंपाकघरात येऊन ताटली घ्यायचे. फेस्टीही आला. कोट घातलेला, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. चहाचा कप गुडघ्यावर धरून बसला.

"ऑस्टिनचं काय?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही.

"त्याचं जमत नाही," साबिना म्हणाली.

"त्ये ठावं हाय मला. मिस्सा तरी दिसंल का त्याला?"

"कशी दिसणार? चर्चपर्यंत केबल कुठं आलीय?"

"का न्हाई आली?"

"आधी घरं, मग चर्च. तुमचं घर झालं की पुढची तीन, मग तिकडं वळायचं."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"कशापायी?"

साबिना ओल्या फडक्यानं टेबल पुसत राहिली. टेबल आधीच पुसलेलं होतं. फेस्टीनं कपाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि हॉलमधलं आपलंच बोलणं त्याला आठवलं. त्याचा चेहरा उतरलेला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"माझं घर राहू दे," तो म्हणाला. "मला मेल कोण धाडणार? बँक, न्हाईतर सैतान. दोघांनाबी माझं दार ठावं हाय."

"नको, फेस्टी. लोकांना शब्द दिलाय. आईच्या मयताचं निमित्त करून मी रांग मोडली असं व्हायला नको."

"रांग तू कुठं मोडतीस? मी मोडतोय. माझ्या जागेवर मी हॅनोराला उभं करतोय. ती माझ्या बायकोच्या उशाशी बसली हुती शेवटी. तू कोण मधी बोलणार?"

वरच्या रस्त्याची बाकीची तीन घरं तिथंच होती, सँडविच खात. एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं. तिसरी होती मोना बॅरेट, तिची पोरं रोज विचारत होती नेट कधी येणार म्हणून. ती म्हणाली, "पोरांना आठवडाभर पुस्तकं वाचू देत की. मरत नाहीत." आणि जीभ चावली. साबिना फसकन हसली आणि मग तिला रडूच आलं. शनिवारपासून ती रडली नव्हती.

आता अडचण एवढीच, की उद्या सोमवार. आमच्याकडे सोमवारी थडगं उघडत नाहीत. उघडलं तर एकामागून दुसरं मयत होतं म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी एक ढेकूळ उलटून ठेवायचं, मग सोमवारी खणलं तरी दोष नाही. रविवारी उन्हं उतरायच्या आत आम्ही दफनभूमीत जाऊन गॉनांच्या जागेवरचं एक ढेकूळ उलटं केलं. परतताना कुणी तरी म्हणालं, "अन् चराचं काय? तीबी जमीनच उघडायची ना?"

"चरात कुणाला पुरायचंय?" फेस्टी म्हणाला.

"तसं न्हाई, पर मयत त्याच घरचं..."

वाद रस्त्यातच रंगला. शेवटी फेस्टी शाळेच्या मागं गेला, बुटाच्या टाचेनं गवताचा तुकडा उकरला आणि उलटा आपटला. "झालं? आता पोपनंबी विचारलं तर सांगा, रविवारी सुरू केलंय."

सोमवारी आम्ही दोन ठिकाणी खणलं. नेहमीची माणसं, नेहमीची फावडी. चौघं दफनभूमीत, बाकीचे शाळा ते चर्च. खाली दफनभूमीत खणणं सोपं गेलं, वाळूच होती. चराला मात्र चर्चच्या भिंतीशी खडक लागला. पहार घातली, हात सोलले, शेवटी वळसा मारून फादरांच्या कोबीच्या वाफ्यातून चर नेला. फादर हेव्हर्टी दारात उभे होते. म्हणाले, "जा रे, जा. कोबी तसाही गोगलगाईंचाच होता." साबिना बस घेऊन तीनदा तिथून गेली, दुसऱ्या कुणाला तिनं बस दिली नव्हती, आई घरात पेटीत असतानाही नाही. काच खाली करून नुसती बघायची, आणि गिअर टाकून पुढं. दिवेलागणीच्या आधी मास्तरांनी जोडणी केली. कॅमेरा मागच्या सज्जाच्या कठड्याला बांधला, वेदीकडं तोंड करून. मिस्सा नीट दिसली पाहिजे, एवढंच डोक्यात.

मंगळवारी चर्च भरलं. साबिना पहिल्या बाकावर, एकटी. तिच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. तिथं कुणी बसलं नाही, आणि बसू नका असं कुणी सांगितलंही नव्हतं.

मिस्सा झाली. पेटी उचलायच्या आधी आमच्याकडे लोक पुढं येऊन घरच्यांचा हात हातात घेतात. पहिला फेस्टी. साबिनाचा हात धरला, "वाईट झालं गं पोरी." मग सवयीनं एक पाऊल सरकला आणि मोकळ्या जागेपुढं उभा राहिला. हात पुढं केलेला, आणि समोर कुणी नाही. आम्हाला वाटलं ओशाळून मागं फिरेल. तो फिरलाच, पण पुरता. सज्जाकडं तोंड करून मान वर केली आणि अख्ख्या चर्चमध्ये ओरडला, "ऑस्टिन! फेस्टी रड्डी बोलतोय! वाईट झालं रं बाबा! लई चांगली बाई हुती!"

फादर कुजबुजले, "फेस्टी, हळू. यंत्राला ऐकू येतं."

"बोस्टन लांब हाय, फादर."

त्याच्यामागं मोना बॅरेट होती. तिनं साबिनाचा हात धरला, वळली, केसांवरून हात फिरवला, वर बघून म्हणाली, "वाईट झालं ऑस्टिन. मी मोना. माहेरची मोना डिव्हर, तुझ्या वर्गातली. आता अशी दिसते." मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. सगळा गाव एकेक करून वळला, नाव सांगितलं, कुणाचा कोण ते सांगितलं. कुणी नुसता हात वर केला. म्हाताऱ्या पेगनं क्रूसाची खूण केली. एकानं गोऱ्ह्यांचे भाव पडल्याचंही सांगितलं, तेव्हा मागच्यानं त्याला ढकललं. मयतानंतरच्या जेवणाचं हॉटेलातलं सूप गार झालं त्या दिवशी.

मग सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली, आणि सज्जाखालून दाराबाहेर नेली.

संध्याकाळी ऑस्टिनचा फोन आला. साबिना अजून काळ्या कोटातच होती. आम्ही दोघं-तिघं भांडी विसळत होतो. तिनं आम्हाला थांबा अशी खूण केली, म्हणून ऐकू आलं तेवढं ऐकलं.

"दिसलं का?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, दिसलं. मिस्साभर नुसत्या पाठी दिसत होत्या. टकलं मोजत होतो, एकही ओळखू येईना. मग सगळे वळले. मोना केवढी झालीय गं. बायकोला दाखवलं एकेक, हा अमक्याचा, ही तमक्याची. पोरी म्हणाल्या, डॅडी, हे सगळे तुला ओळखतात?

"मग?"

"मग तुम्ही आईला घेऊन गेलात. खालून गेलात ना, शेवटी तर पेटीही दिसली नाही. मला वाटलं, परत येईल कुणी. मेणबत्त्या दिसत होत्या. बसून राहिलो. मग एक लंगडणारी बाई आली, तिनं एकेक विझवली."

"पेग ती. कंबर गेलीय तिची."

"असं का."

साबिना फोन धरून उभी होती. दफनभूमी चर्चपासून पार खाली, समुद्राकडं. तिथवर केबल न्यायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही फावडी घेऊन दोन्ही ठिकाणी होतो, तरी नाही. भांडं हातात धरून फेस्टी जमिनीकडं बघत राहिला.

"ऑस्टी," साबिना म्हणाली, "तिथं काय झालं ते सांगते मी. मला नीट सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण सांगते."

"दारापासून सांग," तो म्हणाला. "दाराबाहेर पडलात तिथपासून."

तिनं खुर्ची ओढली. दोन वाक्यांपलीकडं कधी काही न सांगणारी बाई ती. फडकं मांडीवर ठेवलं, डोळे मिटले.

"बाहेर आलो तर ऊन होतं," ती म्हणाली. "पुढं डावीकडं फेस्टी होता, त्याचा खांदा दुखतो, पण त्यानं कुणाला दिला नाही. मी मागं होते. फादरांच्या फाटकाशी आलो..."