चालू होतंय तोवर

"चालू होतंय तोवर बोला," काका म्हणायचे. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू होईपर्यंतची दोन मिनिटं, एवढीच त्यांची गप्पांची वेळ. पडदा उजळला की गप्पा बंद. मग तुम्ही बहिणीच्या लग्नाचं सांगत असा नाहीतर सासऱ्यांच्या ऑपरेशनचं, ते उठून पुढच्या टेबलाकडे निघालेले. माझ्या कित्येक हकिगती अशा अर्ध्यावर राहिल्या आहेत. रागही यायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, बघा.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर तेच सांभाळायचे. राहायचे बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, एकटे. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी मेलबर्नला नोकरीला. मी स्टोअरमध्ये. डबा आम्ही एकत्र खायचो.

मुलीचा फोन नेमका डब्याच्या वेळी यायचा, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ. आणि यायचा तो तिचा लॅपटॉप अडला म्हणूनच. काका खरकटा हात तसाच वर धरून, डोळे मिटून सांगायचे, "उजव्या कोपऱ्यात बघ. काय लिहिलंय? नीट वाच. आता बंद करून चालू कर." मग आवाज एकदम मऊ व्हायचा. "चालू होतंय तोवर सांग, आज जेवायला काय करणार? थंडी आहे का गं?" बापलेकीचं सगळं बोलणं तेवढ्यात. तिचं मशीन जुनं, चालू व्हायला वेळ घ्यायचं. ते बदल, असं काका तिला कधीच म्हणाले नाहीत.

मग तिने ॲपलचा लॅपटॉप घेतला, मॅक. "बाबा, इथे माझ्या ऑफिसात बहुतेकांकडे हाच आहे. आता काही अडतच नाही." काका "छान झालं" म्हणाले आणि अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

त्यानंतर त्यांना एक नादच लागला. ज्याचं कुणी परदेशात असेल त्याला गाठायचं आणि विचारायचं, "तिकडे काय चालतं? विंडोज की मॅक?" एकदा पार्ट आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तर दुकानाच्या शेठलाही तेच.

"साईं, भांजे के उधर दुबई में क्या चलता है?"

"अपना विंडोज, काका. और क्या?"

काका खूश. जणू विंडोज बदलापुरातच बनतं. परतताना रिक्षात पार्टचं खोकं मांडीवर घेऊन बसले होते. मधेच म्हणाले, "तिला आधी जर्मनीतली नोकरी मिळत होती. तिकडे अजून जास्त आपलंच चालतं म्हणे."

मी हसलो. ते हसले नाहीत. आख्ख्या जगात हा माणूस काय शोधतोय ते मला तेव्हा कळलं, आणि हसल्याचं फार वाईट वाटलं.

"अहो, तुम्हीच लावा की फोन," मी म्हटलं.

"लावून काय विचारू? काय बिघडलंय म्हणून?"

महिन्याभराने त्यांनी त्याच शेठकडून एक वापरलेला मॅक घेतला. आमच्या कारखान्यात तो कुणाच्याच कामाचा नव्हता. रोज घरून पिशवीत घालून आणायचे, डबा खाताना शिकायचे, वहीत टिपून ठेवायचे. कधीतरी तिचं अडेलच, तेव्हा आपल्याला सांगता आलं पाहिजे. तक्रार एकच होती, "फार पटकन चालू होतो हा." शेजारी फोन. दिवाळीला तो वाजला, शुभेच्छांचा. तिचं अडलं काहीच नव्हतं.

गेल्या श्रावणात काका गेले, झोपेतच. मुलगी आली. आवराआवरीला मदत म्हणून मी हेंद्रेपाड्याला गेलो, तर तिने तो मॅक पुढे केला. "दादा, हा कुणाचा? बाबा तर मॅक वापरत नव्हते."

मी सांगितलं. वहीही दाखवली. ती बराच वेळ पानं उलटत राहिली.

"मला वाटायचं, ते कामात असतील," ती म्हणाली. "काही अडलं नसताना उगाच कशाला त्रास द्यायचा."

मग तिने बटण दाबलं. "चालू होतोय तोवर सांगा ना दादा, डबा खाताना बाबा काय बोलायचे?"

मी सांगायला लागलो. पहिलंच वाक्य पुरं व्हायच्या आत पडदा उजळला.

तिने तो बंद केला, आणि पुन्हा चालू केला.