आधी पिन काढा

आमच्या ह्यांनी लाकूड कोरायची राउटर मशीन आणली त्या दिवसापासून माझा एक कान सदा तिच्याकडंच असतो. ह्यांचं सुतारकाम धारूरला, घराच्याच पुढच्या खोलीत. आधी बिजागरीची खाच पटाशीनं मारायचे. ती ठकठक ऐकत मी खुशाल भाकरी थापायची. आता प्लायचा फर्मा करतात. त्यात बिजागरीएवढी खिडकी कापलेली असते. फर्मा दरवाज्याच्या कडेला ठोकायचा, त्याच्या आतून मशीन फिरवायची, की खाच तयार. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते किंचाळणं! आणि त्या पात्याला लाकूड कोणतं न बोट कोणतं, काय कळतंय?

त्यात त्या मशीनचं बटण दाबून अडकवता येतं, हात दुखू नये म्हणून. लाइट गेली की मशीन गप्प होते, बटण मात्र तसंच अडकलेलं; लाइट आली की आपोआप सुरू. आणि ह्यांची खोड अशी, की लाइट गेली रे गेली, "बसून काय करू" म्हणत पाना घेऊन पातं बदलायला बसायचं. मी हातातलं काम टाकून पळायची. "अहो, आधी पिन काढा!" म्हणत स्वतःच भिंतीवरच्या बोर्डातून काढायची.

"लई भित्री भागूबाई हाय ही," गिऱ्हाइकासमोर हे हसायचे.

"असू द्या. बोटं गेल्यावर घास कोण भरवणार, तुमचा फर्मा?"

त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी गिरणीवर ज्वारी घेऊन गेलते. गिरणी मधेच घरघरत थांबली. लाइट गेली! आता पिन कोण काढणार? डबा तिथंच टाकला न पळत सुटले. चप्पल कुठं राहिली कळलं नाही. "अगं बाई, काय झालं?" कुणीतरी विचारलं, पण मी थांबलेच नाही.

घर दिसायला लागलं न मागं गिरणी सुरू झाली. त्याच घटकेला घरातून मशीन किंचाळली, पत्र्यावर काहीतरी दाणकन आदळलं. त्यानंतर माणसाचा आवाज नाही. मी उंबऱ्याबाहेरच थिजले. आत जायची छाती होईना. बघितलं तर खरं होईल, असं वाटत होतं.

मग गेलेच. मशीन बाकावरून खाली पडून फिरत होती, तिथल्या फर्म्याचा चुरा करत. पाना पत्र्याच्या पेटीला पोचा पाडून पलीकडं पडलेला. हे भिंतीला चिकटून उभे, दोन्ही हात काखेत, चेहरा पांढराफटक.

मी भिंतीवरची पिन उपटली.

"हात दावा."

दावेनात. मी ओरडले, "दावा म्हणते ना!"

त्यांनी हात पुढं केले. लेकरू जन्मल्यावर बघतात तसं मी एकेक बोट ओढून पाहिलं. सगळी होती. पाना तसाच मशीनला अडकवून हे माठातलं पाणी प्यायला उठले होते म्हणे. घोटभर पाण्यानं वाचवलं.

मला रडू फुटलं, न रडता रडता मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. शेवटी हे माझा पदर धरून हळूच म्हणाले, "तू अशीच भित्री ऱ्हा, बाई."