भटजीकाकांनी पाहिलेलं पहिलं लग्न

माझ्या लग्नापर्यंत आमच्या वाडीत मुहूर्त धरायचा तो पाण्यावर. घंगाळात पाणी भरायचं, त्यावर बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. हे काम एका म्हाताऱ्या भटजीकाकांचं. माजघरात ते उगवतीपासून वाटीवर नजर लावून बसत. बायका येता-जाता तिथं टेकत, आवाज आपोआप खाली येई. "घटिका भरली हो!" अशी हाक आली की मांडवातसुद्धा कुजबूज थांबे.

माझा थोरला भाऊ आगबोटीवर कारकून होता. माझ्या लग्नाला तो मनगटी घड्याळ बांधून आला. सकाळी भटजीकाका वाटी घेऊन आले तसा म्हणाला, "काका, आता कशाला डोळे शिणवता? मी वेळ सांगतो. तुम्ही मांडवात बसा."

आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. भटजीकाकांनी वाटी पंच्यात गुंडाळली आणि म्हणाले, "बसतो."

भावाच्या घड्याळात मुहूर्ताची वेळ झाली, तेव्हा व्याह्यांच्या घड्याळात दोन मिनिटं कमी होती. भावाची आणि त्यांची जुंपली. अंतरपाटाआड उभी राहून मी सगळं ऐकत होते. मंगलाष्टकं संपली तरी मागं गप्पा चालूच. शेवटी वडिलांनी हात वर केला, अंतरपाट निघाला आणि मी माळ घातली.

जेवणं झाल्यावर भटजीकाकांना नमस्कार केला. त्यांचे डोळे भरलेले पाहून मला वाटलं, मान गेला म्हणून वाईट वाटलं असेल. भावाचा रागच आला मला.

"काका, चुकलं हो आमचं," मी म्हणाले.

"चुकलं कसलं, बाय! चाळीस वर्षं लग्नांच्या घटिका मोजल्या, पण माळ पडताना कधी बघितली नव्हती. पोटच्या मुलीच्या लग्नातही घंगाळाशीच होतो. आज बघितली. तुझा हात केवढा कापत होता!"

मी लाजले, मग हसू आलं. तेही हसले आणि त्यांनी आणखी एक लाडू मागितला.

पुढं वाडीतली लग्नं घड्याळावरच लागायला लागली. मुहूर्ताआधीची ती शांतता पुन्हा अनुभवली नाही, याची मला हळहळ वाटते. भटजीकाका मात्र प्रत्येक लग्नाला पुढच्या रांगेत बसलेले असत, हातात अक्षता घेऊन.