प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

मुकुटबनला आमच्या विहाराला लागून एक खोली आहे. वर पत्रे, दोन खिडक्या, भिंतीला लावलेली चार टेबलं. गावातल्या मुली-मुलं तिथे बसून भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करतात. अर्ज भरायचा तर ऑनलाइन सेंटरवर रांग लावावी लागते, सराव परीक्षा मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर द्यावी लागते. म्हणून विहार समितीनं खोलीसाठी एक कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. आणि मी यवतमाळला कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणून काय घ्यायचं त्याची यादी मी करायची असं ठरलं.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी एकही कॉम्प्युटर उघडलेला पाहिला नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही दोघी-दोघी एका मशीनवर बसायचो आणि प्रोग्राम लिहायचो. डब्याच्या आत काय असतं ते पुस्तकातल्या आकृतीत होतं. पण आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई शाळेत पोषण आहार शिजवते. तिनं तिथल्या बायांना आधीच सांगून टाकलं होतं की विहारातला कॉम्प्युटर माझी पोरगी ठरवून राह्यली. त्यानंतर मला येत नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

मी हॉस्टेलवर व्हिडिओ पाहिले. बहुतेक हिंदीत होते. सगळे एखादा गेम किती झरझर चालतो ते मोजत होते. फोटो वीस केबीत बसवायला आणि अर्ज भरायला कोणता प्रोसेसर बरा, हे कुणीच सांगत नव्हतं. तरी एक गोष्ट मला नीट कळली. वेगळं ग्राफिक कार्ड महाग असतं आणि आपल्या कामाला त्याची गरज नाही. ज्या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक असतं तो घ्यायचा. वहीत मी तीन रकाने पाडले, नंबर लिहिले, किमती लिहिल्या. एका नंबरचे दोन प्रकार दिसले. आकडा तोच, पण एकाच्या शेवटी एफ हे अक्षर होतं आणि तो बराच स्वस्त होता. मला वाटलं, नवा प्रकार असेल. तोच यादीत लिहिला.

रविवारी वंदनेनंतर बैठक झाली. आमच्या समितीचे सचिव वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले काका आहेत. कोणताही कागद ते मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ स्वतःच्या अक्षरात लिहितात. सही करणाऱ्याले समजलं पाह्यजे तो कायवर सही करून राह्यला, असं त्यांचं म्हणणं. माझी यादीही त्यांनी तशीच घेतली. रॅम म्हणजे काय, मी सांगितलं. एसएसडी म्हणजे काय, सांगितलं. मग प्रोसेसरवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "या आकड्यामांगं हे एफ काहून हाय, बाई?"

मला माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, मागे आई बसली होती.

"एफ म्हणजे फास्ट," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि लिहिलं: एफ – जलद. खाली सह्या झाल्या. कागद खोलीतल्या फळ्यावर लागला.

मंगळवारी मी यवतमाळला बसस्टँडजवळच्या एका दुकानात यादी घेऊन गेले. दुकानदारानं ती वाचली आणि कार्ड कोणतं टाकायचं ते विचारलं. कार्ड नको, ग्राफिक आतलंच वापरायचं आहे, असं मी सांगितलं. त्यानं पेनाचं टोक त्या एफवर टेकवलं.

"मग हा कायले घेता, ताई? याच्यात ग्राफिकच नाही. मॉनिटर लावान तं काळाच्या काळा राहीन."

तो हसत नव्हता. त्यानं शांतपणे समजावलं की त्या कंपनीच्या प्रोसेसरमागे एफ असेल तर आतलं ग्राफिक बंद असतं. ज्याला कार्ड टाकायचंच आहे तो असा घेतो, म्हणून तो स्वस्त. कागदावरच्या सह्या पाहून माझी अडचण त्याच्या लक्षात आली असावी. त्यानं तोडगाही सुचवला: बिलावर आकडा तोच राहील, एफ नसलेला प्रोसेसर टाकू, रॅम निम्मी करू, म्हणजे रक्कम तेवढीच. शेवटचं अक्षर कोण पाहतं?

मला ते पटत होतं, हे मी लपवणार नाही. मी शनिवारनंतर सांगते म्हणून निघाले.

शनिवारी गावाकडे जाताना बसमध्ये मी दुसरं उत्तर तयार केलं. तो नंबर दुकानात संपला आहे, म्हणून बदलला. मारेगाव येईपर्यंत ते वाक्य तोंडात बसलंही होतं.

गावात उतरले आणि घरी जायच्या आधी खोलीत डोकावले. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करणारी आमच्या गल्लीतली मुलगी फळ्यापाशी उभी राहून वहीत काहीतरी उतरवत होती. काय लिहितेस, विचारलं. ती म्हणाली, परीक्षेत कॉम्प्युटरवर प्रश्न येतात, काकानं अर्थ लिहून ठेवले ते बरं झालं. मी तिच्या वहीत पाहिलं. रॅम, एसएसडी, मॉनिटर. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं अधोरेखित: एफ – जलद.

बसमध्ये तयार केलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. ते बैठकीत चाललं असतं, या वहीतलं त्यानं काही खोडलं गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली आणि मी उभी राहिले. मला वाटलं होतं तसं नीट बोलता आलं नाही. एफ म्हणजे फास्ट नाही, त्याचा अर्थ आत ग्राफिक नाही असा आहे, तो घेतला असता तर पडद्यावर काहीच दिसलं नसतं, आणि त्या दिवशी मला माहीत नव्हतं तरी मी सांगितलं, एवढं मी एका दमात म्हटलं. मग मागून एक मावशी म्हणाली, "अव माय, आन् आमी आठ दिवस फास्ट फास्ट करून राह्यलो." दोघं-चौघं हसले. आई हसली नाही.

काका चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "लाइन बंद हाय असं कोनी नुसतं सांगतलं तं आमी खांबावर चढत नव्हतो. टेस्टर लावूनच हात लावाचा. तुले माहीत नव्हतं तं नाई माहीत म्हनाचं, पोरी. मी जागा रिकामी सोडली असती."

मग त्यांनी फळ्यावरचा कागद काढून आणायला सांगितला आणि नव्यानं विचारायला लागले. आतलं ग्राफिक म्हणजे नेमकं काय? मी सांगितलं की वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. आतल्या ग्राफिकला नसते, ते कॉम्प्युटरच्या रॅममधूनच वापरतं.

"म्हनजे वेगळं मीटर नाई. एकाच मीटरवर दोन घरं."

तसंच म्हणता येईल, मी म्हणाले. म्हणून दुकानदारानं सुचवली तशी रॅम निम्मी करणं चूक ठरलं असतं, आणि म्हणूनच रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या बऱ्या, दोन्हीकडून एकदम काम होतं. यावर काकांनी फक्त "दोन फेज" असं लिहिलं.

उरले दोन पर्याय. पहिल्या कंपनीचा एफ नसलेला प्रोसेसर: नवा, अर्जांना आणि सराव परीक्षांना पुरेसा, पण आतलं ग्राफिक बेताचं. दुसऱ्या कंपनीचा, शेवटी जी हे अक्षर असलेला: थोड्या जुन्या पिढीचा, पण ठरलेल्या रकमेत बसणारा आणि आतलं ग्राफिक जास्त दमाचं. आयटीआयच्या त्या मुलीला ड्रॉइंगचा सराव करायचा होता, त्याला दुसरा बरा पडला असता. त्याची उणीवही मी सांगितली, की पुढे तोच मदरबोर्ड ठेवून नव्या पिढीचा प्रोसेसर टाकता येणार नाही. या खोलीत प्रोसेसर कोण बदलणार, असं एकानं विचारलं आणि जी अक्षराचा ठरला.

काकांनी कागदावर "जलद" हा शब्द एका रेघेनं खोडला आणि वर लिहिलं: आत ग्राफिक नाही, घेऊ नये. नवा कागद करू का, मी विचारलं. ते म्हणाले, राहू दे, यावर सह्या आहेत. मग त्यांचं बोट एसएसडीच्या ओळीवर आलं. तिथे मी एनव्हीएमई असं लिहिलं होतं. याची फोड काय?

"मले माहीत नाई, काका. विचारून सांगतो."

त्यांनी पुढे जागा सोडली.

घरी, दारापाशी आल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, इकत आनाच्या आंधी सांगतलं." आणि पाणी भरायला गेली.

कॉम्प्युटर पुढच्या आठवड्यात आला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा पडदा काळा होता तेवढे काही क्षण मी पडद्यावरून नजर हटवली नाही. मग उजेड आला. आयटीआयच्या मुलीनं त्याच दिवशी वहीतली ती लाल ओळ खोडली. कागद अजून फळ्यावर आहे. त्यावरची रिकामी जागा मी पुढच्या सुट्टीत, कॉलेजच्या सरांना विचारून आल्यावर भरली.