जिना काढलेलं घर

शिंप्यांच्या गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणायचे. शिंपी शर्ट शिवून तिच्याकडे पाठवत, ती काजं करून, बटणं लावून ते परत पोचवी. नवरा रंगारी. एका सकाळी चहा पिता पिता त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत तो खिडकीलगतच्या खाटेला खिळला. जीभ मात्र शाबूत होती. समोर कुणी घर रंगवायला आलं की वरून ओरडायचा, "अरे, आधी भिंत घासून तरी घ्या!"

म्हातारे घरमालक वारले. मुलाला घर पाडून नवं बांधायचं होतं. खालचे भाडेकरू निघून गेले. काजवाली म्हणाली, "यांना घेऊन मी जाऊ कुठे?"

एके दिवशी ती शर्ट पोचवून आली, तर लाकडी जिना गायब. वर नवरा घाबराघुबरा होऊन हाका मारत होता.

"कुजला होता," मालकाचा मुलगा म्हणाला. "तुमच्याच जिवाला धोका."

नवऱ्याच्या रंगकामातल्या जुन्या जोडीदाराने शिडी आणून दिली. ती एका हातात जेवणाचा डबा धरून चढू लागली. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. कोर्टामागच्या कचेरीत गरिबांना वकील मोफत मिळतो, असं एका शिंप्याने सांगितलं.

"फुकटचा वकील कसला असणार," असं पुटपुटत ती गेली.

तिथल्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी स्वतः घर बघायला आल्या. काळा कोट सावरत शिडी चढल्या.

"जपून हो," खाटेवरून रंगारी म्हणाला. "तुम्ही पडलात तर आमची केस कोण लढणार?"

त्या हसल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्यासाठी कोर्टात अर्ज केला. पण समोरचा वकील तारखा मागत राहिला. कधी अशील आजारी, कधी इंजिनिअरचा अहवाल यायचाय. "साहेब, माणूस वर अडकलाय," वकीलबाई प्रत्येक वेळी सांगत. पुढची तारीख पडे.

थंडीत रंगाऱ्याच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी शिडीकडे पाहिलं आणि खालूनच औषध लिहून दिलं. एका दुपारी त्याला श्वास घेता येईना. रुग्णवाहिकेतल्या माणसांना स्ट्रेचर खाली आणता येईना, म्हणून अग्निशमन दलाला बोलावलं. ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला फळीला बांधून दोराने खाली सोडलं. काजवाली खाली उभी राहून सांगत होती, "सावकाश, भिंत घासतेय त्यांना."

मग मालकाच्या मुलाने नवाच मुद्दा काढला: भाडेकरू मेला, भाडं संपलं. वकीलबाई त्यावरही भांडल्या. बायकोचा हक्क कायम राहिला, जिना बांधून द्यायचा हुकूम झाला.

"मावशी, जिंकलो आपण," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही जीव तोडून भांडलात, बाई. तुमच्यावर राग नाही माझा. पण हाच हुकूम थंडीच्या आधी का नाही निघाला?"

कचेरीबाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. वकीलबाईंनी पुढच्याला आत बोलावलं, पण त्याला बसा म्हणायचंही त्यांना सुचेना.

काजवाली अजून तिथेच राहते. मालकाचा मुलगा मधूनमधून विचारतो, "मावशी, किती दिवस राहणार एकट्या?"

ती दाताने दोरा तोडते आणि पुढचा शर्ट मांडीवर ओढते.